हरण्या माघारी वळला

नांदेड, रविवार

चि. व्यंकट,

आज संगणकावरच्या हवाई लढाईत तुझी दोन्ही विमानं मी पाडली! मीच, तुझी सख्खी बहीण! मी 'विंग कमांडर' नावाने खेळते म्हणून तू मला 'सर' म्हणतोस. समोर बाई असेल, हे तुझ्या डोक्यातच येत नाही. तू मात्र नाव घेतलंस आपल्या रेणापूरच्या बैलाचं, हरण्या. पहिल्याच दिवशी ओळखलं, गाढवा. कॉन्व्हेंटातल्या सिस्टरांनी वळण लावलं नसतं, तर याहून वाईट लिहिलं असतं.

मी उंचावर होते, सूर्य पाठीशी. तुझ्या साथीदार विमानाला मी पेटवलं. ते तर संगणकच उडवतो, आत माणूस नाही. तुझं इंधन संपत आलेलं, सरळ तळावर परतायचं! पण तू माघारी वळून माझ्या तोफांसमोर आलास. वर लिहिलंस, "सर, सोबतच्याला सोडून जायची आमच्यात पद्धत न्हाई."

पद्धत नाही? बाबांच्या जमिनीवरचा हक्क सोडायला मी नकार दिला, म्हणून चार भाऊबीजा तू माझ्या दारी आला नाहीस. तेव्हा ही पद्धत कुठे होती?

रागाने पाडलंच तुला. तू लिहिलंस, "लई भारी, सर! उद्या?"

हे पत्र मी पाठवणार नाही. कळलं तर खेळणंही सोडशील. 'विंग कमांडर' म्हणून खेळातच एवढं कळवलंय की उद्या दोघं एकाच बाजूने उडू, तुझा साथीदार मी. बघतेच, माझं विमान पेटल्यावर वळतोस का!

तुझ्यावर चिडलेली,
आक्का