धाकटी आण

ता. ४ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

बाबांची गाडी विकायला काढलीस आणि महिनाअखेरीस घेणारा ती न्यायला येणार, हे मला कळवतोस कधी, तर सगळं ठरल्यावर. गाडी तुझ्या नावावर आहे, मान्य. पण चालवते मी. शिवलेले पडदे लोकांच्या घरी पोचवायचे कशातून, डोक्यावरून? गाडी गेली की माझा धंदा बसला, एवढं तरी लक्षात घ्यायचं होतंस.

म्हणे बाईमाणसाला जुन्या गाडीची निगा झेपत नाही. म्हणून मी ठरवलं, इंजिनचं ऑइल मीच बदलायचं. नवं ऑइल आणलं, जुनं धरायला घमेलं घेतलं, गाडीखाली शिरले आणि बघते तर खालच्या बुचाला पाना लावायला जागाच नाही. मधोमध नुसती चौकोनी खाच. सगळा बाजार पालथा घातला, जिथे तिथे सहा कोनांच्या चाव्या. एक दुकानदार म्हणाला, घरातल्या कुणा पुरुषाला पाठवा. मी म्हटलं, घरातला पुरुष गाडी विकतोय. दुसऱ्याने हीच बसेल म्हणून सहा कोनी गळ्यात मारली. ती खाचेत गरागरा फिरली आणि माझ्या बोटांची सालं निघाली.

बाबांच्या हत्यारांच्या पेटीत चौकोनी टोकाची चावी असणारच. पेटी तू उचलून नेलीस आणि उघडलीही नसशील. चावी तेवढी पाठव. ऑइल बदलून गाडी तुझ्या दारात आणून उभी करते, मग बोल.

आई बरी आहे, तुझी आठवण काढते. माझा लोभ सध्या बेताचाच आहे, तेवढ्यावर भागवावे.

तुझी बहीण


ता. ९ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

पेटी उघडली नाही आणि उघडणारही नाही. का, ते आता ऐकच.

बाबा दुपारी गाडीखाली शिरले की मी शेजारी उकिडवा बसायचो. बूच सोडवायची वेळ आली की त्यांचं ठरलेलं, धाकटी आण. मी एवढा घोडा हाताशी बसलेलो आणि यांना हवी कोण, तर घरात झोपलेली चिमुरडी. मी मुकाट्याने जाऊन तुला उठवून आणायचो, तुझ्या हातात बॅटरी द्यायचो. बाबा हसत हसत बाहेर यायचे, पेटीत काहीतरी शोधायचे, तुझा गालगुच्चा घ्यायचे आणि परत खाली. मी तिथे आहे की नाही, काही फरक पडत नव्हता. एक दिवस उठून गेलो, तो पुन्हा गाडीजवळ फिरकलो नाही. त्यांनीही बोलावलं नाही.

अशा गाडीची मला कसली माया? विकणार म्हणजे विकणार.

आईला नमस्कार. तुला आशीर्वाद आहेत, चावी नाही.

तुझा दादा


ता. १४ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. ती आधी हसली, मग डोळे पुसले, मग आपल्या सगळ्यांवर चिडली.

अरे वेड्या, धाकटी म्हणजे मी नव्हेच. बाबांकडे चौकोनी टोकाच्या दोन चाव्या होत्या. मोठी गिअरच्या ऑइलची, ती थोरली. छोटी इंजिनच्या बुचाची, ती धाकटी. बाबा तुझ्याकडे चावी मागत होते आणि तू दर वेळी मला बखोटीला धरून आणत होतास. माझी झोपमोड उगीचच.

आई म्हणते, पहिल्यांदा मला घेऊन आलास तेव्हा बाबांना हसू आवरेना, पण पोरगं ओशाळेल म्हणून बोलले नाहीत. पुढे त्यांना त्यातच मजा वाटायला लागली. मग तू यायचा बंद झालास, तेव्हा त्यांनी समजूत करून घेतली की पोराला तेलात हात घालायची लाज वाटते. मला बाबांचा भयंकर राग आलाय. एक शब्द सांगायला काय झालं होतं? आणि तुझाही आलाय. इतकी वर्षं मनात धरून बसलास, पण विचारलं म्हणून नाहीस.

आता पेटी उघड. मग गाडी विकायची तर वीक, पण माझ्यापायी विकली असं म्हणू नकोस.

रागात आहे, तरी लोभ तुझ्यावरच आहे, इलाज नाही.

तुझी बहीण


ता. २० फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

पेटी उघडली. दोघी तळाशी होत्या, एकाच फडक्यात गुंडाळलेल्या. तुझी वहिनी म्हणाली, एवढ्याशा लोखंडावरून कुणी इतकं रुसतं का. मी तिच्यावरही ओरडलो. बाबांवर ओरडायचं होतं, ते आता जमायचं नाही. हाक मलाच होती गं, आणि मी दर वेळी तुला पाठवत राहिलो.

घेणाऱ्याला नाही म्हणून कळवलं. तो बरंच वेडंवाकडं बोलला, मी ऐकून घेतलं. गाडी तुझी.

सोबत धाकटी पाठवतोय. आधी इंजिन थोडं गरम करून बंद कर, म्हणजे ऑइल सगळं उतरेल. बूच शेवटी बोटांनी फिरव आणि हात पटकन काढ. बाबा तसंच करायचे.

थोरली मात्र ठेवून घेतली आहे. गिअरचं ऑइल बदलायचं झालं की कळव, तिला घेऊन मी येईन. बॅटरी धरायला तू उभी राहा. या वेळी खरंच तुला बोलावलंय.

आईला नमस्कार, आणि माझ्यावरचा राग जरा जपून वापर, पुढेही लागेल.

तुझा दादा