आजोबांची मूठ

हॅमिल्टन, मोंटाना

प्रिय आई,

मी सुखरूप पोचले. तुझे बाबा ठणठणीत आहेत, पॅनकेक माझ्यापेक्षा जास्त खातात. तुझा गुडघा कसा आहे?

शनिवारी आजोबांनी नेमबाजीच्या क्लबातून पिस्तुलाच्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या बादलीभर आणल्या. पुन्हा दारू भरण्याआधी त्या निवडाव्या लागतात. चीर गेलेली एकही राहता कामा नये, नाहीतर चाप ओढताना भलतंच व्हायचं. घाबरू नकोस, पुढे वाच.

त्यांची पद्धत तुला ठाऊकच आहे. मूठभर पुंगळ्या खुळखुळवायच्या. फुटकी असली तर बद्द वाजते. त्यांनी एक मूठ खुळखुळवली आणि "झकास!" म्हणत चांगल्यांच्या डब्यात टाकली. मला मात्र बद्द ऐकू आलं.

"आजोबा, त्यात एक फुटकी आहे."

"कालची पोर तू, मला शिकवतेस?"

मी ती शोधून त्यांच्या हातात दिली. त्यांचं नख चिरेत अडकलं. ते तडक उठून आत गेले. मला वाटलं, रुसले.

बाहेर आले ते कानात यंत्र घालून! हो, तू नाताळात पाठवलेलंच. इतके दिवस खोक्यातच पडून होतं. मग अख्खा डबा पुन्हा ओतला, माझ्याआधी दुसरी फुटकी शोधली आणि म्हणाले, "पोरी, कान तपासून घे हो!"

रविवारी फोन कर, पण नेहमीसारखी ओरडू नकोस. काल हळूच विचारत होते, "माझ्या लॉरेनचा आवाज अजून तसाच आहे का गं?"

खूप खूप पाप्या,
तुझी टेसा