गुरुवारची सूट

३ मार्च, सोमवार

सांगून टाकलं एकदाचं! या महिन्यापासून गुरुवारी गर्भपातही आमच्याच ऑपरेशन थिएटरमध्ये होणार. एक गुरुवार मी आत, एक गुरुवार माझ्या जोडीची नर्स गुंडी. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्य नर्स. त्यांच्यासमोर उभ्या उभ्या बोलले – माझ्या श्रद्धेत हे बसत नाही, मला त्यात घेऊ नका. बाकी वाटेल ते काम सांगा. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "आणि नाही म्हटलं तर?" तर नोकरी सोडेन, असं तोंडातून निघून गेलं. सोडेनही. पण या थिएटरवर माझा जीव आहे, घरी बसले तर वेडी होईन.

४ मार्च

नवरा म्हणतो, "सोड की, माझ्या शर्टांना इस्त्री तरी होईल." मग ताट उचलता उचलता – "तुला पटत नाही ना? मग नको करूस." एवढा शहाणा असेल असं वाटलं नव्हतं!

६ मार्च, गुरुवार

आज माझी चौकशी! मोठ्या बाई, भूल देणारे डॉक्टर आणि आमच्या डॉक्टरीणबाई, तिघं एका बाजूला. समोर मी.

हत्यारं निर्जंतुक कराल? – करेन, ती सगळ्याच ऑपरेशनना लागतात. पेशंटला आणाल? – इथे अडखळले. दारापर्यंत आणेन म्हटलं. भूलवाले गंभीर चेहऱ्याने, "दाराच्या अलीकडे की पलीकडे?" मला हसूच फुटलं, मग त्यांनाही. नंतर चहा द्याल? – चहा, शेकायची पिशवी, हवं ते देईन, त्या बाईवर माझा राग थोडाच आहे! रक्तस्राव थांबेना झाला तर? – तर धावत आत येईन. तिथे मी कुणाला विचारत बसणार नाही.

डॉक्टरीणबाई शेवटी बोलल्या. "मला तुमचं अजिबात पटत नाही. पण ज्याचं मन नाही त्याच्या हातून मला हत्यारंही घ्यायची नाहीत."

रागावल्या की बाजूने बोलल्या, घरी येईपर्यंत कळेना.

७ मार्च

मिळाली सूट! दर गुरुवारी गुंडी आत, तिचे रविवार माझ्या गळ्यात. आनंदाने घेतले.

गुंडीचं आणि माझं कपाट शेजारी शेजारी. देवाधर्माशी तिचं वाकडं, जिभेला हाड नाही, पण माझी एकुलती एक मैत्रीण. "तुझा देव तुला बाहेर बसवतो आणि मला कामाला लावतो, छान आहे तुमचं," म्हणाली. मी केक नेला होता. दोन तुकडे खाल्ले तिने, वर तिसरा घरी नेला.

१३ मार्च, गुरुवार

आज मी बाहेरच्या खोलीत, ऑपरेशननंतरच्या बायकांजवळ. एकीला चहा दिला. कप हातात धरून आपल्या मुलीबद्दल बोलत बसली, पोरगी पोहायला शिकतेय म्हणे. मी ऐकलं. मनावर ओझं नव्हतं, म्हणून नीट ऐकता आलं. किती दिवसांनी अशी हलकी हलकी घरी आले! सासूबाई म्हणाल्या, आज गुणगुणतेस काय.

१६ मार्च

गुंडीचा रविवार भरला. पाय ठणकतायत. तक्रार नाही.

१९ मार्च, बुधवार

कपडे बदलताना सहज गुंडीला म्हटलं, "तुझं बरं आहे बाई, तुला कशाचंच काही वाटत नाही."

ती बुटाच्या नाड्या बांधत होती. मान वर केली नाही.

"वाटतं की. गेल्या गुरुवारी घरी जाऊन जेवण गेलं नाही. आलटून पालटून असतं तर निभावलं असतं. पण मी कुठे देव मानते? मला कोण सूट देणार?"

उद्या गुरुवार आहे.