शंभर मीटर आणि चिलीवाल्याचा बूट

मी, एवारिस्तो लार्रोब्ला, वय वर्षे अडुसष्ट, धंदा जोडे शिवण्याचा, राहणार मोन्तेविदेओ, ला उनिऑन वस्ती, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे, हात थरथरत नाही आणि हा कागद करावा म्हणून कोणी माझ्या मानगुटीवर बसलेले नाही. डॉक्टर म्हणतात, वसंत दिसेल, उन्हाळ्याचे सांगता येत नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

एक. राहते घर, मागच्या अंगणातील लिंबाच्या झाडासह, माझी एकुलती मुलगी नेलिदा हिला. झाड तोडून तिथे मोटार ठेवावी असा जावईबापूंचा विचार आहे. झाड नेलिदाच्या आईने, कै. पेत्रोनाने लावलेले आहे. मोटार रस्त्यावर ठेवावी.

दोन. बँकेतील शिल्लकही नेलिदाचीच. मला पुरताना पायात तपकिरी बूट घालावेत. काळे चावतात.

तीन. दुकान आणि हत्यारे, म्हणजे आऱ्या, हातोड्या, लाकडी कलबुते, कातडे कापायची रापी आणि शिवणयंत्र, देल्मिरा सोसा हिला. एकोणीस वर्षांपूर्वी ती पॉलिश करायला आली. आज तिने ठोकलेली टाच मी ठोकलेल्या टाचेपेक्षा सरळ बसते. हे तोंडावर कधी सांगितले नाही, म्हणून इथे सांगतो. गिऱ्हाईक तिला विचारते, “मालक कुठे आहेत?” यापुढे तिने सांगावे, “तुमच्यासमोर उभी आहे.”

चार. ज्या क्लबातर्फे मी धावलो त्या क्लबाला काही नाही. त्यांच्या भिंतीवर १९१९च्या संघाचा फोटो आहे. चौकटीत मावेना म्हणून तो माझ्या बाजूने कापला.

पाच. रुप्याचे पदक नेलिदाला. त्यासोबत पुढची हकीकतही तिच्या नावे करतो. शाळेत पोरी तिला चिडवत की तुझ्या बापाने स्वतःची हार स्वतः शिवली. ती रडत घरी येई आणि मी म्हणे, “खरंच आहे की. शिवण बघ म्हणावं किती पक्की होती!” एवढ्याने पोरीचे समाधान होत नसे, हे मला कळत होते.

१९१९च्या शरदात आमच्या गावी दोन देशांचा सामना झाला, आम्ही आणि चिली. शंभर मीटरच्या अंतिम शर्यतीला पाऊण तास होता. माझा थोरला भाऊ फेर्मीन तेव्हा माझी सगळी व्यवस्था पाही. माझी हत्यारांची पिशवीही त्याच्याच खांद्यावर होती, कारण संघाचे खिळ्यांचे बूट मीच दुरुस्त करत असे. इतक्यात चिलीचा बेलिसारियो कातालान एका पायाने अनवाणी आमच्या तंबूत आला. हातातला बूट अंगठ्यापासून टाचेपर्यंत उसवलेला.

“तुम्ही मोची आहात असं कळलं,” तो म्हणाला. “दुसरा जोड नाही माझ्याकडे. बोटीने नऊ दिवस प्रवास करून आलोय हो.”

फेर्मीनने मला बाजूला ओढले. “सुई मोडली म्हण. एवढंच म्हण. खोटं बोलायला काय कर भरावा लागतो का?”

“दादा, माणूस अनवाणी आहे.”

“मग पळू दे अनवाणी! तू काय त्याची आई आहेस?”

मी बूट हातात घेतला. झिजून तुटलेल्या दोऱ्याला कुसे असतात. या दोऱ्याची टोके साफ होती. कातड्यावर बारीक दुहेरी ओरखडा होता. माझ्या रापीच्या धारेला एक खाच आहे, ती असाच ओरखडा काढते. मी पिशवी उघडली. रापी उलटी ठेवलेली होती. मी फेर्मीनकडे पाहिले. तो तंबूच्या दोरीची गाठ बघत होता.

मेणदोरा दुपदरी घेतला आणि शिवायला बसलो. पंचवीस मिनिटे लागली. कातालान शेजारी उभा राहून म्हणत होता, “तुमचे पाय गारठतील, तुम्ही जरा पळून या ना.”

मग आम्ही धावपट्टीवर खुरप्याने पायासाठी खड्डे खणले आणि पिस्तूल वाजले. ऐंशी मीटरपर्यंत मी पुढे होतो. हे पाहणारे अजून जिवंत आहेत, विचारून घ्यावे. मग उजव्या कानाशी त्याच्या खिळ्यांचा आवाज आला आणि फीत त्याच्या छातीला लागली. वीतभराने. त्याने मला मिठी मारली तेव्हा दोघांनाही दम लागला होता. तो एवढेच म्हणाला, “शिवण टिकली!”

मी हरलो. पण बूट घातलेल्या माणसाकडून हरलो. अनवाणी माणसाला हरवून मिळालेले सोने मला घरात कुठे ठेवावे ते कळले नसते. हे माझे मत तेव्हाही होते, आजही आहे. शिवाय त्या दिवसापासून अर्धे मोन्तेविदेओ माझ्याकडे जोडे शिवायला आले. “एवारिस्तो, चिलीवाल्यासारखी शिवण घाल!” एवढी जाहिरात पैसे मोजून मिळत नाही.

फेर्मीनने मात्र माझ्याशी बोलणे सोडले. भावाने देश बुडवला, असे तो गुत्त्यात सांगत फिरला. बेचाळीस वर्षे आम्ही एकाच रस्त्याच्या दोन बाजूंनी चाललो. आई असेपर्यंत मी तिच्यासाठी गप्प राहिलो. नंतर का राहिलो? लोक याला मोठेपणा म्हणतील. खरे असे की, मनातल्या मनात त्याच्यापेक्षा वरचढ असण्याची मला चव लागली होती. पेत्रोनाच्या अंत्ययात्रेला तो टोपी हातात धरून फाटकाबाहेर उभा राहिला. मी त्याला आत बोलावले नाही. ती चूक माझी.

गेल्या मंगळवारी मी निरोप धाडला आणि तो आला. देल्मिराने आम्हा दोघांत येर्बाच्या काढ्याचे भांडे ठेवले. मी इथवरचा मजकूर त्याला वाचून दाखवला.

भांडे बाजूला सारून तो म्हणाला, “तुला ठाऊक होतं?”

“बूट हातात घेतला तेव्हापासून.”

“आणि एवढी वर्षं मला बोंबलू दिलंस? गाढवा!”

“तूही कधी विचारलं नाहीस, दादा.”

“आता काय हवंय तुला?”

“नेलिदाला खरं कळायला हवं. नुसत्या माझ्या शब्दाने नको. तुझी सही हवी.”

कागद नोंदवायला आलेल्या नोटरी साल्दोंबिदे साहेबांनी चष्मा वर केला. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही म्हणाले. मी भावाला वडिलांचे घड्याळ देणार होतो. त्याने हात उडवला. “घड्याळ ठेव. लेखणी दे.”

म्हणून, सहा. माझा भाऊ फेर्मीन याला काही नाही. तो रागावलेला नाही, मीही नाही. घड्याळ नेलिदाच्या थोरल्याला.

देल्मिराने रापीची खाच घासून काढावी. हत्याराचा दोष नाही.

वाचून, समजून, स्वतःच्या हाताने सही केली. मोन्तेविदेओ, १८ ऑगस्ट १९६१.

(सही) एवारिस्तो लार्रोब्ला

साक्षीदार १: (सही) ओविदियो क्यापारा, औषधविक्रेता. मृत्युपत्रकाराने माझ्यासमोर सही केली. शुद्धीवर आहेत, मध्येच विनोदही करतात.

साक्षीदार २: (सही) फेर्मीन लार्रोब्ला, वय बहात्तर, थोरला भाऊ. वरील सर्व खरे आहे. दोरा मी कापला. नोटरी म्हणतात एवढे पुरे, पण नेलिदा, बाळ, आणखी एक लिहितो. ती शर्यत मी पाहिली नाही. तंबूमागे कान झाकून बसलो होतो. माझ्या लबाडीशिवायच तुझा बाप जिंकला तर त्याच्याकडे कसे बघू, याची मला भीती वाटत होती.