बारा कडव्यांचा डाव

रत्नागिरी,
शनिवार, दुपारचे तीन

प्रिय मित्र रघू यास,
आप्पाचा पासष्ट वर्षं जुना नमस्कार.

ठण्ण! आज सकाळपासून कानात हा एकच आवाज आहे. वेळणेश्वराच्या आपल्या शाळेसमोर उंडीच्या झाडाला टांगलेला तो रुळाचा तुकडा तुला आठवत असेलच. (कोकणात तेव्हा रेल्वे नव्हती, तरी शाळाशाळांतून रुळाचे तुकडे कुठून यायचे, हे मला अजून कळलेलं नाही. बहुतेक मुंबईहून गलबतानं येत असावेत.) शाळा भरली की ठण्ण, सुटली की ठण्ण आणि खो-खोचा डाव संपला की तेच ठण्ण. त्या आवाजाबद्दल तुला एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे. ती सांगतो, पण आधी तुझी चौकशी करू दे, नाहीतर म्हणशील, आप्पानं नेहमीसारखं स्वतःचंच सुरू केलं.

तुझा गुडघा कसा आहे? वहिनींची साखर उतरली का? राजापुरात यंदा काजू बरे आले असं ऐकतो. आमच्या दारच्या कलमानं या वर्षी चौदा आंबे दिले, त्यातले नऊ वानरांनी नेले. यमुनेची तब्येत उत्तम आहे, हे तिच्या आवाजावरून शेजारच्या तीन घरांना कळतं. फोन न करता पत्र का लिहितोय, असं तुला वाटेल. फोनवर तू पहिल्या मिनिटाला “मुद्द्याचं बोल रे” म्हणतोस, आणि माझा मुद्दा यायला वेळ लागतो. शिवाय ही गोष्ट तुझ्या कानात सांगण्याचा धीर नाही.

तर झालं असं. आमच्या घरासमोर प्राथमिक शाळा आहे. शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजातल्या पोरांना हल्ली अठरा दिवस अशा शाळांवर पाठवतात. एकेका शाळेचा संघ एकेकाच्या ताब्यात द्यायचा, त्याला शिकवायचं, टाचण लिहायचं आणि शेवटी परीक्षकासमोर एक सामना लावून दाखवायचा. तो सामना म्हणजेच या भावी प्रशिक्षकांची परीक्षा. आमच्या शाळेवर आली समीक्षा नावाची मुलगी. इकडच्याच एका खेडेगावातली, सडसडीत, आवाज मात्र बंदरावर लिलाव पुकारावा असा. ती आली आणि चौथीच्या मुलींचा खो-खोचा संघ तिच्या गळ्यात पडला.

(आपल्याला असं कोणी शिकवायला आलं नाही, रघू. आपले गुरुजी “पळा” म्हणायचे आणि तपकीर ओढायचे. तेवढंच आपलं प्रशिक्षण.)

पहिल्या दिवशी काय वर्णावं! समीक्षानं फक्की टाकून चौकोन आखले, तर दोघी मुली त्या फक्कीनं पावडर लावून बसल्या. एक उजवीकडे तोंड करून, पुढची डावीकडे, असं बसवायला अर्धा तास गेला, कारण ज्या दोघींची गट्टी त्यांना एकाच बाजूला बघायचं होतं. मधेच कुणाची तरी बकरी मैदानात आली आणि सगळा संघ तिच्यामागे धावला. तेव्हा समीक्षा कमरेवर हात ठेवून म्हणाली, “बघा ओ आजोबा, पळता तर येतंय सगळ्यांना. नुसती बकरी बदलायची आहे.” मला ती पोर तिथेच आवडली. वर्गात चाळीस वर्षं घालवून मला हे एवढं साधं कधी सुचलं नव्हतं.

मी रोज जाऊन खुर्ची टाकून बसू लागलो. माझ्याकडे शिटी आहे, हे तिला कळलं. (निवृत्तीच्या वेळी मुलांनी दिलेली, पितळेची. मराठीच्या मास्तरला शिटी का, तर दुकानातली चांगली पेनं संपली होती. वर कोरलंय, ‘आप्पा गुरुजींस सप्रेम’.) ती म्हणाली, “मग डाव संपल्याची शिटी तुम्ही वाजवा. पाच मिनिटांचा डाव.”

इथे माझी अक्कल आडवी आली. शेजारच्या शाळेवर नेमलेला ऋत्विक नावाचा तिचा वर्गमित्र मोबाईल पुढे करून म्हणाला, “आजोबा, यात वेळ लावून देतो, आपोआप वाजेल.” मी म्हटलं, बाळा, ज्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत नाही त्यावर माझा विश्वास नाही. मी वेळ कवितेवर मोजतो. आपल्या चौथीच्या पुस्तकातली ती होडीवाल्याच्या आईची कविता, बारा कडव्यांची, तुला आठवते ना? ती मनातल्या मनात, चालीत, घाई न करता दोनदा म्हटली की पाच मिनिटं. ऋत्विकला खोटं वाटलं. त्यानं मोबाईल धरून तपासलं. पाच मिनिटं आणि दोन सेकंद! दुसऱ्या दिवशी पाच मिनिटांना एक सेकंद कमी. पोरं टाळ्या वाजवू लागली. समीक्षानं तर तिच्या वहीत ‘स्थानिक संसाधनांचा वापर’ या रकान्यात लिहिलं, ‘आप्पा आजोबा’. रघू, आयुष्यात मला लोकांनी पुष्कळ पदव्या दिल्या, पण संसाधन कोणी म्हटलं नव्हतं. मी घरी येऊन यमुनेला सांगितलं. ती म्हणाली, “मग पाण्याची टाकी भरा जाऊन.”

त्या अठरा दिवसांत त्या पोरीनं काय केलं ते मी पाहिलंय. खो देताना पाठीवर थाप कशी हलकी मारावी, उठणारीनं कुठला पाय आधी टाकावा, हे एकेकीपाशी मांडी घालून सांगायची. आरोही नावाची एक चिमुरडी आहे, हडकुळी, बोलताना अडखळणारी. तिला “खो” हा शब्द गर्दीत मोठ्यानं म्हणता यायचा नाही. समीक्षा तिला रोज विहिरीपाशी नेऊन आत ओरडायला लावायची. बाराव्या दिवशी आरोहीनं मैदानात असा खो दिला की पलीकडच्या घरातली बाई बाहेर आली. आणि ती पळते कशी ठाऊक आहे? तुझ्यासारखी. खांबापाशी येऊन अंग असं चोरते, की पकडणाऱ्याचा हात हवेत राहतो. मला पुन्हा पुन्हा तूच दिसायचास, खाकी चड्डीतला, वाळूत.

समीक्षा एकदा सहज बोलली होती, की यात नापास झाले तर पुढच्या वर्षी हे सगळं पुन्हा, आणि घरचे पुढचं वर्ष काही देणार नाहीत. “स्थळं बघून ठेवलीयत ओ. मी पास व्हायची वाट बघतायत, नायतर नापास.” हसत हसत म्हणाली. मी तेव्हा ते नीट ऐकलं नाही. बहुधा सातव्या कडव्यावर होतो.

गुरुवारी परीक्षा झाली. परीक्षक म्हणून योगिनीबाई आल्या, करड्या केसांच्या, कडक. समोर ऋत्विकचा संघ. नियम असा, की डाव चालू असताना शिकवणाऱ्यानं तोंड उघडायचं नाही. डाव थांबवायचा तो फक्त वेळ बघणाऱ्यानं. म्हणजे मी, कडेला बघ्यांमध्ये खुर्ची टाकून बसलेला. योगिनीबाईंचं डोकं गुणांच्या वहीत. आमच्या मुली पळायला उतरल्या आणि मी डोळे मिटून कविता सुरू केली.

त्या कवितेचं चौथं आणि नववं कडवं एकाच ओळीनं सुरू होतं. अठरा दिवस मी तिथे सावध असायचो. पण गुरुवारी मधेच डोळे उघडले, तर आरोही खांबाला वळसा घालत होती, अगदी तुझा वळसा, आणि माझं मन वेळणेश्वराला गेलं. नवव्या कडव्याची पहिली ओळ म्हटली आणि पुढे आलं चौथंच, मग पाचवं. तसाच फिरून पुन्हा नवव्यापाशी, तिथून पुन्हा चौथं. होडीवाल्याची आई किनाऱ्यावर उभीच आणि होडी काही येईना. मला इतकं बरं वाटत होतं, काय सांगू. समोरून ऋत्विक मनगटावर बोट आपटत होता. मला वाटलं, माझ्या अचूकपणाला दाद देतोय. मी हात हलवून ती स्वीकारली.

पाच मिनिटांचा डाव नऊ मिनिटं चालला. आरोही पाच मिनिटं बाद न होता टिकली होती, म्हणजे ती जिंकली होती रे. पण शिटी नाही म्हणून ती पळतच राहिली. नवव्या मिनिटाला तिला भोवळ आली, त्या जांभ्याच्या खरखरीत जमिनीवर दोन्ही गुडघे फुटले आणि ती तिथेच ओकली. बसलेल्या मुली रडत उठल्या. सामना मोडला. योगिनीबाईंनी विचारलं, “वेळ कोण बघत होतं?”

आरोहीचं रक्त पुसता पुसता समीक्षा मान वर न करता म्हणाली, “मीच, मॅडम. माझं लक्ष नव्हतं.”

आणि मी, वय वर्षं पंचाहत्तर, चाळीस वर्षं मुलांना ‘खरं बोला’ हा निबंध घातलेला, शिटी हळूच खिशात सारली, छत्री उचलली आणि घरी आलो. भातात हात घातला तो तसाच राहिला. काल आरोहीच्या घरी जाऊन आलो. पोरगी ठीक आहे. मला म्हणाली, “आजोबा, मी बाद नाय झाले ना?” दुसरं काही विचारलं नाही.

असो. वहिनींना नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद. गुडघ्याला तिळाचं तेल लाव.

तुझा,
आप्पा

ता. क. १ : एक लहानसं काम. या योगिनीबाई तू व्यायामशिक्षक असताना तुझ्याच हाताखाली शिकलेल्या, असं ऋत्विककडून कळलं. निकाल सोमवारी लावणार आहेत, म्हणून हे पत्र आज संध्याकाळच्या राजापूरच्या एस.टी.नं हातोहात पाठवतोय. तू त्यांना एक फोन कर आणि सांग, की मुलगी हुशार आहे, वेळेचा घोटाळा तिचा नव्हता. कोणाचा, ते सांगायची गरज नाही. ‘गावातले एक वृद्ध गृहस्थ’ एवढं पुरे. माझं नाव मात्र येऊ देऊ नकोस, लोक मला अजून गुरुजी म्हणतात.

ता. क. २ : वरचं वाचून मलाच माझी शिसारी आली. आता तो ठण्ण. चौथीतला सामना आठव. मला पळता येत नसे म्हणून गुरुजींनी मला रुळाच्या तुकड्यापाशी उभं केलं होतं, घड्याळ हातात देऊन. समोरच्यांचा शेवटचा गडी तुझ्या हाताच्या टप्प्यात होता आणि ठण्ण झालं. आपण हरलो. तुला सगळे ‘गोगलगाय’ म्हणाले, गुरुजींनी तुझ्या पाठीत गुद्दा घातला. रघू, वेळ संपली नव्हती. दीड मिनिट बाकी होतं. मी हीच कविता म्हणत होतो. बारावं कडवं संपलं आणि शेवटच्या ठेक्याला माझा हात आपोआप रुळावर पडला. गुरुजींनी विचारलं, “वेळ झाली ना रे?” मी म्हटलं, “झाली.” त्यानंतर तू दुप्पट पळायला लागलास, व्यायामशिक्षक झालास, म्हणून मी इतकी वर्षं मनाला समजावत आलो, की त्यात तुझं भलंच झालं. तेव्हा पहिला ताजा कलम खोडलेला समज. फोन कर किंवा करू नकोस, पण केलास तर नाव घाल. पूर्ण घाल, आडनावासकट.

ता. क. ३ : पत्र पाकिटात घालण्याआधी म्हटलं, शिटी डोळ्यांसमोर ठेवावी, जरा लाज वाटत राहील. पण गुरुवारच्या सदऱ्याच्या खिशात शिटी नाही. खिशाला भोक आहे, हे यमुना महिनाभर सांगत होती. फाटकाची कडी वाजली आत्ता. खिडकीतून बघतो तर योगिनीबाई, एकट्याच, हातात काहीतरी पितळेचं धरून पायऱ्या चढतायत. यमुनेनं दार उघडलंय आणि तिचा तो तीन घरांना पुरणारा आवाज येतोय, “अहो, बाहेर या! या बाई विचारतायत, ‘आप्पा गुरुजी’ म्हणून कोण ते इथेच राहतात का!”