घर बघून झालं की बोलावतो

प्रिय विंचवा,

तू अजून बॅग सोडली नाहीस म्हणे. कॅप्टनने सांगितलं. कॅप्टन म्हणजे तुझ्या मजल्यावरचा तो उंच नर्स. तू त्याला ठेवलेलं हे नाव त्याला फार आवडलंय. सकाळीच बूट घालून फाटकाजवळच्या बाकावर जाऊन बसतोस, आणि जेवायला हाक मारली की 'बायको येऊ दे, मग बघू' म्हणतोस. अरे, असं करतात का? नव्या ठिकाणी आल्या आल्या उपास धरलास, तर टीममध्ये घेईल कोण तुला?

आणि मी मागून येणार हे आपल्याला काय नवीन आहे? तू पुढे, मी मागे, हीच आपली रीत. एका क्लबने सोडलं, दुसऱ्याने घेतलं की तू बॅग खांद्याला लावून निघायचास आणि दारातून ओरडायचास, 'घर बघून झालं की बोलावतो!' मग लेकीच्या शाळेची परीक्षा उरकून, भांडीकुंडी बांधून मी यायचे. लग्न ठरलं तेव्हा आई म्हणाली होती, 'नन्सच्या शाळेत घातली, अक्षर मोत्यासारखं झालं, आणि शेवटी निवडला कोण, तर विंचू! बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरणारा.' तिने रागाने ठेवलेलं नाव मी लाडाने उचललं.

पडदे शिवताना मी काठाला भरपूर दुमड ठेवायचे. पुढच्या घरची खिडकी केवढी निघेल, कोण सांगणार! कधी उसवून लांब करायचे, कधी परत वर घ्यायचे. जुन्या टाक्यांच्या रेषा कापडावर तशाच राहायच्या. लेक त्यांच्यावर बोट ठेवून सांगायची, 'इथे माझा दात पडला, इथे मला गोवर आला.'

तू कुठेच पहिल्या पसंतीचा नव्हतास. त्यांच्या खऱ्या स्ट्रायकरचा गुडघा दुखावला की आपलं नशीब उघडायचं, आणि तो गुडघा बरा झाला की आपली ट्रंक पलंगाखालून बाहेर यायची. मला वाईट वाटायचं. तू मात्र त्या पोराला फळं घेऊन भेटायला जायचास. मी चिडवायचे, 'देवाकडे काय मागून आलास? त्याचा गुडघा की तुझी जागा?'

ती गंमत आठवते? जुन्या क्लबच्या मैदानावर पाहुणा म्हणून खेळायला गेलास, आणि सवयीने थेट त्यांच्याच ड्रेसिंग रूममध्ये शिरलास. ओळखीच्या खुंटीला शर्ट अडकवून बुटांच्या नाड्या बांधत बसलास. शेवटी त्यांचा म्हातारा माळी म्हणाला, 'बाबा रे, तुला विकून दोन सीझन झाले!' त्याच दिवशी तू त्यांच्यावर गोल केलास आणि मान खाली घालून परत फिरलास. ज्यांचं मीठ खाल्लं, त्यांच्यासमोर नाचायचं नाही, हा तुमचा खेळाडूंचा नियम. पुढे पुढे तर समोर येणारा जो तो तुझा जुनाच क्लब असायचा, त्यामुळे मैदानावर नाचायचं राहूनच गेलं. तो सगळा नाच तू घरी आणायचास. ओट्यापाशी मला उचलून गरागरा फिरवायचास, माझ्या हातातला डाव आमटीसकट फिरायचा, आणि लेक शिट्टी वाजवायची.

पायांत जादू नाही, हे तूच सांगायचास. तुझी सगळी मदार डोक्यावर. सराव संपून बाकीचे घरी गेले तरी तू हवेतले चेंडू डोक्याने मारत राहायचास, चिखलाने दगडासारखे जड झालेले ते चेंडू. घरी यायचास तेव्हा कपाळावर शिवणीचा वळ असायचा. मी ओला रुमाल ठेवत म्हणायचे, 'अरे, डोकं वापर म्हणतात ते असं नव्हे!' किती हसायचो रे आपण. डॉक्टर म्हणतात, तो मार आत साठत गेला. म्हणून तुला तिथे ठेवलंय. मला एवढंच कळतं, की त्या वळावर रुमाल ठेवताना मी हसत होते.

घरी सगळं ठीक आहे. लेकीचे गुडघे आता तुझ्यासारखेच कुरकुरतात. नात शाळेच्या टीममध्ये गोलकीपर झाली. स्ट्रायकरच्या घरात गोलकीपर! तिच्या शाळेत डोक्याने चेंडू मारू देत नाहीत. ती तक्रार करत होती, तेव्हा मी उठून आत गेले.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. दुपारी तुझ्याकडे एक पिकल्या केसांची बाई येते. तू अदबीने उठून उभा राहतोस, 'बसा बाई' म्हणतोस, आणि 'माझ्या बायकोला निरोप द्या, घर बघून झालंय' असं तिलाच विनवतोस. परवा तिला राहवलं नाही. तुझे हात धरून ती म्हणाली, 'अरे, मीच रे ती.' तू केवढा घाबरलास! हात सोडवून घेतलेस आणि कॅप्टनला हाका मारत सुटलास. पुन्हा ती तसं म्हणणार नाही, मी तिला बजावलंय. तुझा निरोप मला पोचला, म्हणून तर हे पत्र. कॅप्टन ते तुला रोज वाचून दाखवेल. मी निघालेच आहे रे, पण सामान फार आहे, वेळ लागेल. तोवर फाटकापाशी बसू नकोस. बॅग सोड, कपडे कपाटात लाव. आणि त्या बाईला परकी मानू नकोस. तिला मीच पाठवते. तिने घास पुढे केला, तर तोंड फिरवू नकोस.

तुझीच,
मागून येणारी