यादीतली एकोणिसावी ओळ

अमळनेर,
२१ एप्रिल २०२५

चि. भूपेंद्र यास जयश्रीताईचे अनेक आशीर्वाद.

गोडादऱ्याच्या हसमुखभाईंनी यंत्रमागांचं नवं लूमखातं बांधलं आणि त्याचं चोवीस लूमचं वायरिंग तुला दिलं, हे रूपालीकडून कळलं. बायकोने कळवावं आणि नवऱ्याने गप्प बसावं ही आपल्या घरची रीतच दिसते. फोनवर तू नुसता हो हो करतोस आणि ठेवला की विसरतोस, म्हणून हे कागदावर लिहून तुझ्या चिंधा फिटरच्या मेहुण्याबरोबर पॅसेंजरने पाठवते आहे.

सोबत करारनामा आहे. आमच्या बांधकाम ऑफिसात असतो तसा, दोन पानी. त्याला एकतीस ओळींची यादी जोडली आहे. काम कोणतं, करायचं कोणी, आणि झाल्यावर तुझी व शेठची सही. सगळ्या ओळींवर दोघांच्या सह्या झाल्याशिवाय खातं सुरू करायचं नाही, असं कलमच घातलंय. बावीस वर्षं टेंडरं टाईप करून ताईला वेड लागलं म्हणशील. लागू दे.

एकोणिसावी ओळ दोनदा वाच. प्रत्येक लूमच्या सांगाड्याला वेगळी अर्थिंगची पट्टी. अप्पांना शॉक बसला तेव्हा तू अकरा वर्षांचा होतास, मी दहावीला. खात्याच्या मास्तरला वाटलं अर्थिंग वायरमनने केलं, वायरमनला वाटलं मास्तरने करून घेतलं. दोघांतलं वाईट कुणीच नव्हतं. पण अप्पांचा उजवा हात मिटायचा थांबला, आणि सत्तावीस वर्षं ते कुठल्या खात्याचा उंबरा चढले नाहीत. तुझ्या हातून तसं कुणाचं होऊ नये, एवढंच मागते.

यंदा आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, माहेरी येणं जमत नाही. गुडघा गाडीची पायरी चढू देत नाही. ती. अप्पांना सा. न. पापड पोचले का ते कळव. तुम्हा सगळ्यांवर जीव आहेच, तो तिकडूनही असू द्यावा.

तुझी,
जयश्रीताई

*

लिंबायत, सुरत,
२ मे २०२५

सौ. ताईस भूपेंद्रचा सा. न. वि. वि.

पापड पोचले. अर्धे अप्पांनीच संपवले आणि नाव माझं घेतात. आखाजीला तू नव्हतीस तर रूपालीने सांजोऱ्या केल्या खऱ्या, पण अप्पा म्हणाले की जयश्रीच्या हातची चव नाही. रूपाली दोन दिवस त्यांच्याशी मोजकंच बोलली.

तुझा करार हसमुखभाईंना फार आवडला. गुजराती माणूस, कागद चोख असला की खूश. सही आखाजीच्याच मुहूर्तावर झाली. त्यांच्या आईंनी, सगळे त्यांना बा म्हणतात, करार आणि यादी देवापुढे ठेवली, हळदकुंकू वाहिलं. मग म्हणाल्या की आजच्या दिवशी देवापुढे रिकामे रकाने नकोत, आज जे रिकामं राहतं ते कायम रिकामंच राहतं. म्हणून शेठ आणि मी तिथेच बसून एकतिसाव्या ओळीपर्यंत सह्या करून टाकल्या. पेढे वाटले. यादी आता खात्याच्या भिंतीवर चिकटवली आहे, छान दिसते.

कामाला चिंधा बरोबर आहे. माझ्याहून जुना फिटर, त्यामुळे काळजी नसावी. गुडघ्याला तेल लावत जा. आमची आठवण ठेवावी ही विनंती.

तुझा,
भूपेंद्र

*

अमळनेर,
६ मे २०२५

चि. भूपेंद्र यास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं. अरे, काम व्हायच्या आधी झाल्याची सही? यादी म्हणजे लग्नपत्रिका नव्हे, कुंकू लावून भिंतीवर चिकटवायला. उद्या ज्याची त्या भिंतीकडे नजर जाईल त्याला वाटेल सगळं झालंय.

बांचा भाव मला कळतो, त्यांना बोल लावत नाही. पण तू वायरमन आहेस. सोबत कोरी यादी पाठवते. शेठना नीट सांग, जुनी देवघरात ठेवा आणि ही भिंतीवर लावा. तुला भीड वाटणार हे मला ठाऊक आहे. लहानपणी दुकानदाराने कमी साखर दिली तरी तू तशीच घेऊन यायचास. पण भीड भिकेची बहीण, हे विसरू नकोस.

रूपालीला सांग, सांजोरीचं सारण थोडं कोरडं भाजायचं, म्हणजे अप्पांचं तोंड बंद होईल. बाकी सर्वांना जिथल्या तिथे नमस्कार-आशीर्वाद.

तुझी,
जयश्रीताई

*

लिंबायत,
८ जून २०२५

सौ. ताईस सा. न. वि. वि.

हे पत्र वाचून फोन करू नकोस. फोनवर मला बोलवणार नाही.

शुक्रवारी चार लूम चालवून पाहिले. फरशी ओली होती. मंगलाबाई म्हणून बॉबिन भरणाऱ्या बाई आहेत, आपल्या पारोळ्याकडच्या. त्यांनी लूमला हात लावला आणि फेकल्यासारख्या मागे पडल्या. रूपाली त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. कोपराला मार आहे, बाकी ठीक आहेत, काल चहा प्यायल्या. मी तेव्हाच सगळं उघडून पाहिलं. एकाही लूमला पट्टी नाही. कडियाने, म्हणजे गवंड्याने, अर्थिंगचा खड्डा केला आणि पट्ट्या चिंधा जोडील असं धरलं. चिंधाने भिंतीवर एकोणिसाव्या ओळीपुढे दोन सह्या पाहिल्या आणि पट्ट्या कडियाच्या माणसांनी जोडल्या असं धरलं. मीही वेगळं तपासलं नाही. माझीच सही पाहून मलाच झाल्यासारखं वाटलं, ताई.

तुझी कोरी यादी कपाटात आहे. शेठपुढे काढली नाही. मुहूर्ताचा कागद बदला म्हणायला जीभ रेटली नाही.

हसमुखभाई मनाने वाईट नाहीत. मंगलाबाईंना ते स्वतः दोनदा भेटून आले. पण सोमवारी सोळाला उद्घाटन आहे, पाहुण्यांना आमंत्रणं गेली आहेत. ते म्हणतात की आत्ता सहा लूमना पट्ट्या जोड, तेवढेच चालवू, बाकीच्यांना सुट्टीच्या दिवशी हळूहळू जोड, यादीवर सह्या आहेतच. मी नाही म्हटलं तर माझी सही खोटी ठरते. ती लेखी खोटी ठरली तर लायसन्सचं काय होईल ते सांगता येत नाही. या लायसन्सवर घर उभं आहे. अप्पांना अजून काही सांगितलेलं नाही, त्यांच्यासमोर जेवायला बसवत नाही. काय करू ते लिही.

तुझा,
भूपेंद्र

*

अमळनेर,
९ जून २०२५

चि. भूपेंद्र यास अनेक आशीर्वाद.

पत्र घेऊन आलेला माणूस परतीच्या गाडीची वाट पाहत ओसरीवर बसला आहे, म्हणून थोडक्यात लिहिते.

आधी माझी चूक. यादीत तारखेचा रकाना मी ठेवला नाही. काम कोणी डोळ्यांनी पाहिलं, तो रकानाही नाही. ते दोन असते तर बांनी कितीही म्हटलं तरी तुम्हाला आखाजीला सह्या करता आल्या नसत्या. सत्तावीस वर्षं मनात ठेवलेली गोष्ट कागदावर आणताना मी नेमकी तीच जागा सोडली. काल रात्री याचं फार वाईट वाटलं.

आता तुझं. ताकाला जाऊन भांडं लपवू नये. जुन्या यादीवर आपल्या हाताने लिही की या सह्या कामाआधी केलेल्या आहेत, त्या धरू नयेत, आणि खाली आजची तारीख टाक. लायसन्स गेलं तर जाईल. तू इकडे ये, आमच्या घरात पोळ्या मोजून वाढत नाहीत. पण दुसऱ्या घरात एक न मिटणारा हात गेला, तर त्याला मी काय लिहिणार?

आणि अप्पांना सांग. तूच सांग, रूपालीकडून नको. नवी यादी सोबत आहे, दोन्ही रकाने घातलेत.

तुझ्यावर राग नाही. होता, तो काल संपला.

तुझी,
जयश्रीताई

*

लिंबायत,
२५ जून २०२५

सौ. ताईस भूपेंद्रचा सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसं लिहिलं. हसमुखभाईंनी वाचलं, पेनाच्या टोपणाची उघडझाप केली. मग म्हणाले की तुझी सही खोटी तर माझीही खोटीच, आणि मी लिहिलेल्या ओळीखाली स्वतःही लिहून तारीख टाकली. उद्घाटन आठ दिवस पुढे गेलं. बांना वाईट वाटेल म्हणून आम्ही दोघेही घाबरलो होतो. त्या एवढंच म्हणाल्या की देवाला रिकामं चाललं असतं, खोटं आपणच ठेवलं, आणि नवी यादी कोरीच मागून घेऊन पूजेत ठेवली. लायसन्सचं अजून कुणी विचारलेलं नाही. विचारलं तर आहे ते सांगेन.

अप्पांना त्याच दिवशी सांगितलं होतं. ते जेवत होते, जेवण पूर्ण केलं, हात धुतला आणि उठून गेले. वाटलं, आता माझ्याशी बोलतच नाहीत. पण पट्ट्या जोडून झाल्या त्या सकाळी धोतर नेसून, टोपी घालून दारात उभे. पाहणाऱ्याचा रकाना कुणी भरायचा, असं अहिराणीतच विचारलं. मी म्हटलं, चिंधा भरेल. ते म्हणाले, मन्हं नाव लिख.

रिक्षाने नेलं. खात्याच्या उंबऱ्याशी थांबले, मला वाटलं परत फिरतात. फिरले नाहीत. मी आधी मीटर लावून एकेक लूम तपासला, मग करंट सुरू केला. अप्पांनी चप्पल काढली आणि पहिल्या लूमच्या सांगाड्यावर उजवा हात ठेवला, तोच. मग दुसऱ्यावर. चोवीसच्या चोवीस. अर्धा तास लागला. शेठ, चिंधा, मंगलाबाई, सगळे उभे होते. मी रडलो, ते लपवत नाही.

एकोणिसाव्या ओळीपुढे एक सही पुरली असती. अप्पांनी डाव्या हाताने चोवीस खुणा केल्या, एकेका लूमची एकेक, आणि शेवटी निंबा एवढंच आपलं नाव लिहिलं. वाकडं आहे, पण वाचता येतं. तारीखही त्यांनीच टाकली. काल खातं सुरू झालं. मंगलाबाई कामावर आहेत.

यादीची नक्कल सोबत पाठवतो. खाली बत्तिसावी ओळ दिसेल, ती करारातली नाही, रूपालीने घातली आहे. काम: ताई माहेरी येणे. करायचं कोणी: जयश्रीताई. तारखेचा आणि पाहणाऱ्याचा रकाना आम्ही रिकामा ठेवला आहे. अप्पा पेन घेऊन बसलेत, पण म्हणतात, ती दारात दिसल्याशिवाय मी सही करणार नाही.

तुझा,
भूपेंद्र